एक डॉलर ऐंशी सेंट : पर्ल जॅम आणि तिकिटावरचं सेवाशुल्क (१९९४–१९९८)

हे प्रकरण पर्ल जॅम या सिएटलच्या बँडचं आहे. अमेरिकेत सर्वाधिक खपाच्या रॉक बँडांपैकी एक असताना, ऐन भरात, त्यांनी तिकीटविक्रीतल्या सर्वात मोठ्या कंपनीशी, म्हणजे टिकेटमास्टरशी, उघड लढा मांडला आणि पुढची चार वर्षं ते त्याची किंमत मोजत राहिले. दोन्ही बाजूंचे व्यवस्थापक, वकील आणि अधिकारी यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. माणसं बदलली असती तरी करारांचा साचा तोच राहिला असता, आणि या प्रकरणात खरी अडचण साच्याचीच होती.

पार्श्वभूमी

स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट यांचा आधीचा बँड गायक अँड्र्यू वुड यांच्या मृत्यूनंतर मार्च १९९० मध्ये संपला. त्याच वर्षी गिटारवादक माइक मक्क्रीडी आणि सॅन डिएगोहून आलेला गायक एडी वेडर यांच्यासह नवा बँड उभा राहिला. ‘टेन’ हा पहिला अल्बम ऑगस्ट १९९१ मध्ये एपिक कंपनीने काढला. सुरुवातीला रेंगाळलेला हा अल्बम पुढच्या वर्षभरात घराघरात पोचला. ऑक्टोबर १९९३ मध्ये आलेल्या ‘व्हर्सेस’च्या पहिल्याच आठवड्यात सुमारे ९,५०,००० प्रती खपल्या. तोवरचा तो विक्रम होता.

यशाची ही लाट अंगावर येत असताना बँडने एकेक दार आपण होऊन लावायला सुरुवात केली. १९९२ नंतर त्यांनी संगीत व्हिडिओ करणं थांबवलं. मुलाखती कमी केल्या. आणि तिकिटाचे दर मुद्दाम खाली ठेवले : मूळ दर १८ डॉलर, त्यावर सेवाशुल्क जास्तीत जास्त दहा टक्के, म्हणजे १ डॉलर ८० सेंट. एकूण १९ डॉलर ८० सेंट. शाळा-कॉलेजातल्या पोराला वीस डॉलरच्या एका नोटेत आत येता यावं, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

दर ठरवणं बँडच्या हातात होतं. सेवाशुल्क नव्हतं. इथून प्रकरण सुरू होतं.

तिकिटाचा पैसा कसा फिरतो

हे नीट समजल्याशिवाय पुढचा कुठलाच निर्णय कळत नाही, म्हणून जरा सविस्तर.

मोठ्या मैफलीत चार पक्ष असतात : कलाकार, कार्यक्रमाची जोखीम घेणारा प्रमोटर, सभागृह किंवा स्टेडियमचा मालक, आणि तिकीट विकणारी कंपनी. प्रेक्षकाला वाटतं की तिकीट कंपनी कलाकाराची किंवा प्रमोटरची एजंट आहे. प्रत्यक्षात तिचा करार बहुतेक वेळा सभागृहाशी असतो. हा करार अनेक वर्षांचा आणि एकाधिकाराचा असतो : या इमारतीत होणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाची तिकिटं याच कंपनीमार्फत विकली जातील. त्याच्या बदल्यात कंपनी संगणक, विक्रीकेंद्रांचं जाळं आणि फोन घेणारी माणसं पुरवते. शिवाय सेवाशुल्कातला एक हिस्सा सभागृहाला देते, कधी प्रमोटरलाही, आणि बऱ्याचदा त्यातली मोठी रक्कम आगाऊ देते.

म्हणजे सेवाशुल्क हा केवळ विक्रीचा खर्च नव्हता. सभागृहाच्या मालकाचं ते उत्पन्न होतं, तेही कलाकाराशी वाटून न घ्यावं लागणारं. मूळ तिकिटाच्या पैशावर कलाकार टक्केवारी मागतो, सेवाशुल्कावर त्याला मागता येत नाही. त्यामुळे शुल्क कमी करा असं कलाकाराने म्हटलं, की तिकीट कंपनीच्या आधी सभागृहवाल्याच्या कपाळाला आठी पडते.

१९९१ मध्ये टिकेटमास्टरने टिकेट्रॉन या जुन्या प्रतिस्पर्ध्याचा व्यवसाय विकत घेतला. त्यानंतर बहुतेक मोठ्या शहरांत मोठ्या इमारतींसाठी दुसरा समर्थ पर्याय उरला नाही. योगायोगाची गोष्ट अशी, की नोव्हेंबर १९९३ मध्ये याच कंपनीत मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांनी बहुमताचा हिस्सा घेतला. म्हणजे भांडणाच्या वेळी फिर्यादी आणि कंपनीचा मालक, दोघेही सिएटलचेच.

आकड्यांत पाहू. मार्च १९९४ मध्ये शिकागोच्या कार्यक्रमांसाठी कंपनीने मागितलेलं शुल्क ३ डॉलर ७५ सेंट होतं, म्हणजे १८ डॉलरच्या तिकिटावर जवळजवळ २१ टक्के. बँडची मर्यादा आणि हे शुल्क यांत तिकिटामागे १ डॉलर ९५ सेंटचा फरक. पंधरा हजार खुर्च्यांच्या सभागृहात एका रात्रीत हा फरक २९,२५० डॉलरचा होतो, आणि चाळीस कार्यक्रमांच्या दौऱ्यात ११ लाख ७० हजारांचा. प्रेक्षकाला दोन डॉलर चिल्लर वाटतील, पण समोरची बाजू एवढी का अडून बसली ते या गुणाकारातून कळतं.

वाद कुठे पेटला

ठिणग्या आधीपासून उडत होत्या. सप्टेंबर १९९२ मध्ये सिएटलच्या मॅग्नसन पार्कात बँडने फुकट मैफल केली, सुमारे तीस हजार माणसं आली. फुकट कार्यक्रमाच्या तिकीटवाटपावरही शुल्क मागितलं गेलं, असं बँडचं म्हणणं होतं. शेवटी शहराच्या मदतीने तिकिटं वेगळ्या मार्गाने वाटली गेली.

१९९४ च्या वसंतात तीन शहरांत तीन वेगवेगळे प्रयोग झाले. बँडच्या साक्षीतून त्यांचा तपशील पुढे आला.

शिकागोत बँडने शुल्क कमी करण्याचा आग्रह सोडला आणि तडजोड मागितली : निदान तिकिटावर मूळ दर आणि सेवाशुल्क वेगवेगळे छापा, म्हणजे कोण किती घेतं ते दिसेल. कंपनीने आधी होकार दिला, विक्री सुरू होण्याच्या तोंडावर शब्द फिरवला, आणि कार्यक्रम दुसऱ्या जागी नेऊ असं बँडने सांगितल्यावरच पुन्हा मान्य केलं.

डेट्रॉइटमध्ये तिकिटं फॅन क्लब आणि सोडतीतून द्यायचं ठरलं. तेव्हा एकाधिकार कराराचा भंग होतो म्हणून प्रमोटरवर दावा लावण्याची धमकी आली, आणि त्याचं तिकीट छापायचं यंत्र काही काळ बंद पाडलं गेलं. हा तपशील लहान वाटतो, पण तोच सगळ्यात बोलका आहे. यंत्र प्रमोटरच्या टेबलावर, त्याची कळ मात्र दुसऱ्याच्या हातात.

न्यूयॉर्कमध्ये एप्रिल १९९४ च्या पॅरामाउंट थिएटरमधल्या कार्यक्रमाची तिकिटं फॅन क्लब आणि रेडिओमार्फत दिली गेली. हा प्रयोग जमला. पण काही हजार खुर्च्यांच्या एका थिएटरसाठी जे जमतं ते चाळीस शहरांच्या दौऱ्याला पुरत नाही.

याच सुमारास, मार्चच्या शेवटी, प्रमोटरांच्या संघटनेकडून सभासदांना एक पत्रक गेलं. कंपनी आपले एकाधिकार करार राखण्यासाठी कडक भूमिका घेणार आहे, अशी सूचना त्यात होती. बँडच्या वकिलांना हा संगनमताचा पुरावा वाटला. कंपनीच्या दृष्टीने ती केवळ केलेल्या करारांची आठवण होती. आम्हाला विचाराल तर दोन्ही वाचनं शक्य आहेत, आणि नेमकं म्हणूनच तो पुरावा कोर्टात कितपत टिकला असता याची शंका वाटते.

कंपनीची बाजूही लक्षात घ्यायला हवी. एवढ्या कमी शुल्कात आमचा खर्च भागत नाही, शुल्कातला मोठा भाग सभागृहांना जातो, आणि करार आम्ही त्यांच्याशी केले आहेत, असं ती सांगत होती. यातला शेवटचा मुद्दा खरा होता, आणि बँडच्या बाजूने त्याला पुरेसं वजन दिलं गेलं नाही.

समोर असलेले पर्याय

एप्रिल-मे १९९४ मध्ये बँडपुढे ढोबळपणे पाच वाटा होत्या.

पहिली, मुकाट्याने प्रचलित शुल्क मान्य करून उन्हाळी दौरा करायचा. अमेरिकेतला बहुतेक प्रत्येक मोठा बँड हेच करत होता. यात पैसा होता, पण वीस डॉलरची मर्यादा मोडत होती.

दुसरी, शहरागणिक घासाघीस. शिकागोचा अनुभव सांगत होता की यातून थोडंफार पदरात पडतं, मात्र प्रत्येक वेळी विक्रीच्या आदल्या दिवसापर्यंत ताण राहतो.

तिसरी, कंपनीचा करार नसलेल्या जागा शोधून स्वतंत्र दौरा. दिसायला सगळ्यात स्वाभिमानी, करायला सगळ्यात अवघड.

चौथी, अमेरिकी सरकारच्या न्याय खात्याकडे मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तक्रार.

पाचवी वाट त्या काळात दुसऱ्या एका बँडने आधीच चोखाळली होती. ग्रेटफुल डेड १९८३ पासून आपल्या तिकिटांचा मोठा वाटा स्वतःच टपालाने विकत होते. त्यांनी कंपनीला हटवायचा प्रयत्न केला नाही. प्रत्येक इमारतीतला ठरावीक कोटा आमचा, उरलेली तिकिटं तुमची, अशी वाटणी त्यांनी सवयीने रूढ करून घेतली. पर्ल जॅमकडे ‘टेन क्लब’ हा फॅन क्लब होता, सभासदांची यादी होती. तरीही १९९४ मध्ये मागणी कोट्याची नव्हती, दराची होती. या एका फरकावर पुढे परत येऊ.

पहिली कृती : वॉशिंग्टन

६ मे १९९४ रोजी बँडच्या वकिलांनी न्याय खात्याकडे तक्रार दाखल केली. उन्हाळी दौरा रद्द झाला. ३० जून रोजी प्रतिनिधीगृहाच्या एका उपसमितीपुढे सुनावणी झाली. गोसार्ड आणि अमेंट जाऊन बसले. वेडर गेला नाही. एरोस्मिथ आणि आर.ई.एम. या बँडांच्या बाजूनेही लोक बोलले. कॅमेरे भरपूर होते, आणि गिटार वाजवणारी दोन पोरं खासदारांपुढे सेवाशुल्काचं गणित मांडताहेत या दृश्याला प्रसिद्धीही भरपूर मिळाली. शुल्क तिकिटावर वेगळं दाखवणं सक्तीचं करणारं एक विधेयक मांडलं गेलं. ते पुढे सरकलं नाही.

इथे पहिला मोठा निर्णयबिंदू आहे. तक्रार करणं आणि दौरा थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, पण त्या एकत्र बांधल्या गेल्या. तपासाला किती वेळ लागेल हे तक्रारदाराच्या हातात नसतं. दौरा थांबला की उत्पन्न थांबतं, आणि समोरच्या कंपनीचं काहीच थांबत नाही, कारण त्या तारखांना त्याच इमारतीत दुसरा कुणीतरी वाजवत असतो. पाठिंबा द्यायला आलेल्यांपैकीही कुणी आपला दौरा थांबवला नाही. सहानुभूती होती, संप नव्हता.

दुसरी अडचण कायद्यातली. अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्यात थेट खरेदीदार कोण हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. तिकीटविक्रीची सेवा कोण विकत घेतं? प्रेक्षक, की एकाधिकार करार करणारं सभागृह? प्रेक्षकांनी स्वतंत्रपणे केलेल्या दाव्यात १९९८ मध्ये आठव्या सर्किटच्या, म्हणजे देशाच्या एका विभागाच्या, संघीय अपील न्यायालयाने सांगितलं की प्रेक्षक हे अप्रत्यक्ष खरेदीदार आहेत, त्यांना नुकसानभरपाई मागता येणार नाही. बँडची तक्रार सरकारकडे होती, त्यामुळे हा नियम तिला थेट लागू नव्हता. पण विचारांची दिशा तीच होती : ज्या सभागृहांना तक्रार करायचा अधिकार सगळ्यात भक्कम, त्यांनाच या व्यवस्थेतून पैसे मिळत होते. ते कशाला तक्रार करतील?

दुसरी कृती : १९९५ चा स्वतंत्र दौरा

डिसेंबर १९९४ मध्ये ‘व्हायटॅलॉजी’ हा पुढचा अल्बम सीडीवर आला आणि पहिल्या आठवड्यात ८,७७,००० प्रती खपल्या. मागणीची चिंता नव्हतीच. न्याय खात्याकडून काही कळत नव्हतं. तेव्हा बँडने तिसरी वाट धरली आणि कॅलिफोर्नियातल्या ईटीएम नावाच्या नव्या तिकीट कंपनीला हाताशी धरून उन्हाळी दौरा जाहीर केला. फोनवरून विक्री, टपालाने तिकीट घरपोच, आणि नकली तिकिटं रोखायला तिकिटावर बारकोड. १९९५ साली हे काळाच्या पुढचं होतं.

तिकिटाचा प्रश्न असा सुटला. जागेचा सुटला नाही. करारात अडकलेली सभागृहं वगळली की काय उरतं? जत्रेची मैदानं, शेतजमिनी, बागा, शहरापासून लांबची काही सभागृहं. कायमस्वरूपी सभागृहात ज्या गोष्टी भाड्यातच येतात त्या मैदानात एकेक करून आणाव्या लागतात : व्यासपीठ आणि छत, जनरेटर, सगळीकडून कुंपण, प्रवेशद्वारं, फिरती स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, रुग्णवाहिका, गाड्या लावायची जागा, तिथून यायचा-जायचा रस्ता, विमा, आवाजाच्या मर्यादेची परवानगी, पोलिसांची परवानगी. यातली एक वीट निसटली की कार्यक्रम कोसळतो. आणि या यादीतल्या बऱ्याच गोष्टींवर शेवटचा शब्द स्थानिक अधिकाऱ्याचा असतो, ज्याला तुमच्या तत्त्वाशी काही देणंघेणं नसतं.

दौरा १६ जून १९९५ ला वायोमिंगमधल्या कॅस्परला सुरू झाला. सॉल्ट लेक सिटीजवळचा उघड्यावरचा कार्यक्रम पावसाने धुऊन नेला. सॅन डिएगोजवळच्या डेल मार जत्रा मैदानावरच्या कार्यक्रमांना काउंटीच्या शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, सुरक्षेच्या कारणावरून हरकत घेतली. मग ते सॅन डिएगोच्या स्पोर्ट्‌स एरिनात हलवले गेले, म्हणजे टिकेटमास्टरचा करार असलेल्या इमारतीत. ज्याच्यासाठी एवढा अट्टहास केला त्याच दारात परत उभं राहावं लागलं, आणि वर्तमानपत्रांनी ते बरोबर हेरलं.

२४ जूनला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात सुमारे पन्नास हजार माणसं जमली होती. अन्नातून विषबाधा झालेला वेडर सात गाण्यांनंतर मंचावरून उतरला. ज्येष्ठ रॉक गायक नील यंग हजर होता, त्याने बँडच्या बाकी वादकांना घेऊन उरलेला कार्यक्रम ओढून नेला. लोक त्यावरही चिडलेच. दुसऱ्या दिवशी दौऱ्याचे उरलेले कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं. कारण आजारपणाचं नव्हतं : पर्यायी जागांवर कार्यक्रम करताना उभ्या राहिलेल्या व्यावसायिक अडचणी आणि वाद, असं निवेदनात म्हटलं होतं.

हा दुसरा निर्णयबिंदू, आणि आमच्या मते सगळ्यात चुकलेला. एका गायकाचं पोट बिघडणं ही घटना समजून घेण्यासारखी होती. ती तशीच सांगून दोन-तीन तारखा पुढे ढकलता आल्या असत्या. त्याऐवजी एका फटक्यात सगळं रद्द करून, वर त्याचं खापर तिकीटप्रश्नावर फोडलं गेलं. ‘बघा, यांच्याशिवाय दौरा होऊच शकत नाही’ हे विधान कंपनीला करावंच लागलं नाही, बँडनेच ते करून दिलं. नंतर टीका झाल्यावर मिलवॉकी आणि शिकागोचे कार्यक्रम पुन्हा धरले गेले आणि जुलैत ते उत्तम झाले. रद्द झालेल्या काही शहरांना शरद ऋतूत नव्या तारखा मिळाल्या. पण पहिल्या बातमीचा आवाज मोठा होता.

५ जुलै १९९५ ला, म्हणजे मिलवॉकीच्या कार्यक्रमांच्या तीनच दिवस आधी, न्याय खात्याने तपास बंद केल्याचं जाहीर केलं. निवेदन अगदी त्रोटक होतं : नवे स्पर्धक या व्यवसायात येत आहेत, खातं लक्ष ठेवून राहील. गंमत अशी की नवा स्पर्धक म्हणजे ईटीएमसारख्या कंपन्या, आणि त्यांना मोठं गिऱ्हाईक मिळवून देणारा बँड तर तक्रारदारच होता. स्वतंत्र दौऱ्याचा घाट घालून बँडने आपल्याच तक्रारीतली हवा थोडी काढून घेतली, असंही म्हणता येईल.

परिणाम

१९९६ मध्ये ‘नो कोड’ आला. पहिल्या आठवड्यात साडेतीन लाखांहून थोड्या जास्त प्रती. क्रमांक पहिलाच, पण ‘व्हायटॅलॉजी’च्या निम्म्याहून कमी खप. याचं सगळं बिल तिकीटलढ्याच्या नावावर फाडणं बरोबर नाही. व्हिडिओ नव्हते, मुलाखती नव्हत्या, गाणी आधीपेक्षा आडवळणाची होती, आणि सिएटलहून आलेल्या रॉक संगीताची लाटही ओसरत होती. तरी मायदेशात दोन वर्षं धड दौरा नसणं याचा वाटा त्यात नक्की होता. अल्बम आला की त्या शहरात जाऊन वाजवायचं, तिथल्या रेडिओवर दोन दिवस ते गाजतं, दुकानात माणसं येतात : ही साखळी तुटली होती. ‘नो कोड’चा अमेरिकेतला दौराही मोजक्याच शहरांत, आडबाजूच्या जागांवर झाला. न्यूयॉर्कचे कार्यक्रम मॅनहॅटनमधल्या मोठ्या सभागृहात न होता रँडॉल्स आयलंडवरच्या जुन्या स्टेडियमवर झाले.

फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘यील्ड’ आला. सहा वर्षांनी पहिला व्हिडिओ झाला. आणि त्या उन्हाळ्यात बँड पूर्ण दौऱ्यावर निघाला, तिकिटं टिकेटमास्टरमार्फत. माघार घेताना त्यांनी फारसं लपवलं नाही : आपल्या चाहत्यांना तास-तासभर गाडी हाकत कुठल्यातरी मैदानावर यायला लावणं हीसुद्धा चाहत्यांवरच लादलेली किंमत होती.

माघारीनंतर हाती काय राहिलं

गोष्ट इथेच सोडली तर ती निव्वळ पराभवाची वाटते. पण १९९८ नंतर बँडने जे केलं ते या प्रकरणाचा अर्धा भाग आहे.

टेन क्लबच्या सभासदांसाठी प्रत्येक कार्यक्रमात तिकिटांचा कोटा राखला जाऊ लागला. जागा सभासदत्वाच्या ज्येष्ठतेनुसार : ज्याचा सभासद क्रमांक जुना, त्याला पुढची रांग. पुढच्या काही जागा सोडतीने, म्हणजे नव्या सभासदालाही आशा राहावी. तिकीट आधी घरी पाठवायचं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाच्या खिडकीवर ओळखपत्र दाखवून घ्यायचं. काळ्या बाजारात विकायला हातात कागदच नसतो. सेवाशुल्क जिथल्या तिथे राहिलं, पण तिकीट कुणाच्या हातात पडतं यावर बँडचा ताबा आला. ग्रेटफुल डेडची वाट, पंधरा वर्षं उशिरा.

दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणांची. चाहते मैफली चोरून टेप करतात आणि त्या भरमसाट दराने विकल्या जातात, हे दिसत होतं. २००० च्या दौऱ्यातल्या मैफली बँडने स्वतःच स्वस्तात बाजारात आणल्या. युरोपच्या २५ मैफली एकाच वेळी, पुढे अमेरिकेच्या मिळून एकूण ७२. त्यांतल्या पाच एकाच आठवड्यात बिलबोर्ड मासिकाच्या अल्बम-यादीत पहिल्या दोनशेत शिरल्या. इथे मधे कुठलंही सभागृह नव्हतं, कुणाचा एकाधिकार करार नव्हता. बँड, त्याची रेकॉर्ड कंपनी आणि यादीतला चाहता. एपिकचा करार संपल्यावर २००९ चा ‘बॅकस्पेसर’ त्यांनी स्वतःच्या मंकीरेंच नावाखाली काढला, आणि ‘नो कोड’नंतर पहिल्यांदाच त्यांचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

तिकिटाच्या बाजारात मात्र चक्र उलटंच फिरलं. २०१० मध्ये टिकेटमास्टर आणि लाइव्ह नेशन ही सर्वात मोठी प्रमोटर कंपनी एकत्र आल्या, न्याय खात्याच्या अटींसह. मे २०२४ मध्ये त्याच न्याय खात्याने या एकत्रित कंपनीवर मक्तेदारीचा दावा दाखल केला, आणि सभागृहांशी असलेले दीर्घ मुदतीचे एकाधिकार करार हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. १९९४ ची तक्रार वाचलेल्याला ती पानं ओळखीची वाटतील.

वेगळं काय करता आलं असतं

मागणी बदलायला हवी होती. ‘शुल्क १ डॉलर ८० सेंटच्या वर नको’ ही मागणी मान्य केली तर कंपनीला उद्या दुसऱ्या बँडलाही तेच द्यावं लागलं असतं, आणि सभागृहांना दिलेल्या आगाऊ रकमांचा हिशेब बिघडला असता. ‘दर इमारतीत अमुक टक्के तिकिटं आमच्या क्लबची’ ही मागणी एका बँडपुरती राहते, दराला हात लावत नाही. अशा मागणीला नाही म्हणणं अवघड जातं, विशेषतः जेव्हा मागणाऱ्याच्या अल्बमच्या एका आठवड्यात साडेनऊ लाख प्रती खपलेल्या असतात.

तक्रार आणि दौरा सुटे ठेवायला हवे होते. पुरावा गोळा करायचा तर दौरा करतानाच तो जास्त मिळतो. शिकागो आणि डेट्रॉइट याची उदाहरणं आहेत : दोन्ही ठिकाणचे तपशील मिळाले ते तिथे प्रत्यक्ष वाजवायला गेल्यामुळेच.

स्वतंत्र दौरा करायचाच होता तर तो आठ-दहा जागांचा, प्रत्येक शहरात दोन-तीन रात्रींचा असायला हवा होता. मैदान उभारायचा खर्च एकदाच होतो, तो तीन रात्रींवर वाटला जातो, आणि एखादी रात्र पावसाने गेली तर त्याच गावात दुसरी हाताशी असते. स्थानिक पोलिसांची लेखी परवानगी येईपर्यंत तिकीट विकायचं नाही, एवढा नियम पाळला असता तर डेल मारची फजिती टळली असती.

आणि शेवटी एक पर्याय, जो त्या वेळच्या चर्चेत फारसा दिसत नाही. चाहत्याला वीस डॉलरच्या आत आणायचं हे एकमेव उद्दिष्ट असतं, तर बँडला आपलाच दर उतरवता आला असता. शिकागोचं ३ डॉलर ७५ सेंट शुल्क धरलं, तर मूळ तिकीट १६ डॉलर २० सेंट ठेवून एकूण १९ डॉलर ९५ सेंट होतात. बँड, प्रमोटर आणि सभागृह यांच्या गल्ल्यातून तिकिटामागे जाणारी रक्कम बरोबर १ डॉलर ८० सेंट. आपलं पैशांचं नुकसान आधीच ठरलेलं, मर्यादित, आणि दौरा शाबूत. यात अडचण एकच होती : शुल्क तसंच राहिलं असतं, आणि त्याचा भार चाहत्याऐवजी बँडने उचलला असता. १९९४ मध्ये बँडला ते पटलं नसतं. तरी शिकागोत मिळवलेली सवलत, म्हणजे मूळ दर आणि सेवाशुल्क तिकिटावर वेगवेगळे छापणं, तेवढी प्रत्येक शहरात धरून ठेवली असती, तर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातात १६.२० आणि ३.७५ हे दोन आकडे एकाखाली एक आले असते.